म्हणे, साथीला पियानो होता

शनिवार सकाळ. बायको मंडईत गेलीये, मुलगा अजून अंथरुणात आहे, दुसरा चहा संपलाय आणि परवापासून डोक्यात बसलेला राग काही केल्या उतरत नाहीये. तेव्हा लिहूनच टाकतो.

झालं असं, की परवा ऑफिसात एका वक्त्याला बोलावलं होतं. विषय नेहमीचाच, नेतृत्व आणि नवनिर्मिती वगैरे. (अशी भाषणं हमखास जेवणानंतर ठेवतात, म्हणजे झोप आणि प्रेरणा एकदमच उरकते.) पडद्यावर चक बेरीचा फोटो. गिटार पोटाशी, एक पाय वर, बदकासारखा चाललाय. वक्ते महाशय म्हणाले, एक माणूस, एक गिटार, आणि जगाचं संगीत बदललं! टाळ्या. मी मागच्या रांगेत पुटपुटलो, "आणि पियानो?" शेजारी आमच्या टीममधला एक पोरगा बसला होता. तो म्हणाला, "कसला पियानो?"

त्या पोराचा काही दोष नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो धरून बसलाय. पण म्हणूनच हे लिहायला हवं.

आधी एक खुलासा. मी चक बेरीचा भक्त आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हॉस्टेलवर एकाच्या वॉकमनवर त्याची कॅसेट पहिल्यांदा ऐकली आणि त्या रात्री अभ्यास झाला नाही (बाकीच्या रात्रीही झाला नाही, पण त्याला कारणं वेगळी). त्याची शब्दांवरची हुकमत, गाड्या-शाळा-पोरी यांच्या साध्या गोष्टी तीन मिनिटांत सांगायची हातोटी, याला तोड नाही. तेव्हा 'बेरीद्वेष्टा' म्हणून मला उडवून लावू नका. माझं भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'साथ'.

ज्याने ती 'साथ' केली त्याचं नाव जॉनी जॉन्सन.

जन्म ८ जुलै १९२४, वेस्ट व्हर्जिनियातलं फेअरमाँट, कोळसा खाणींचा मुलूख. चार-पाच वर्षांचा असल्यापासून पियानोवर बसायला लागला. रेडिओवर अर्ल हाइन्स, मीड लक्स लुईस, काउंट बेसी ऐकायचे आणि तसं वाजवून बघायचं, ही शाळा. दुसऱ्या महायुद्धात मरीन कोअरमध्ये गेला. तिथे तेव्हा काळ्या सैनिकांसाठी माँटफर्ड पॉइंट नावाचा वेगळा तळ होता. त्या पहिल्या काळ्या मरीन सैनिकांपैकी हा एक. सैन्यातच बॉबी ट्रूपच्या बँडमध्ये वाजवायला मिळालं. युद्ध संपल्यावर डेट्रॉइट, मग शिकागो. शिकागोत मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर या मंडळींबरोबर बसून वाजवलं. म्हणजे ब्लूजच्या ऐन घराण्यात उठबस झाली. १९५२ मध्ये सेंट लुईसला आला आणि स्वतःचा तिघांचा बँड काढला. नाव 'सर जॉन्स ट्रिओ'. पियानोवर जॉनी, ड्रम्सवर एबी हार्डी, सॅक्सोफोनवर अल्विन बेनेट. बँडचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्लूजचा पियानोवाला नक्की काय करतो, हे थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ब्लूजचा सांगाडा बारा मात्रांचा नव्हे, बारा 'बार'चा असतो, आणि त्यात मोजून तीन कॉर्ड. ऐकायला सोपं. पियानोवाल्याचा डावा हात खाली बूगी-वूगीची चाल धरून ठेवतो, एकसारखी, न थकता, आगगाडीसारखी. म्हणजे ठेकाही तोच आणि आधारही तोच. उजवा हात गायकाशी बोलतो. गायकाने ओळ सोडली की रिकाम्या जागेत उत्तर देतो, ओळ चालू असताना खालून हुंकार भरतो. जॉनीचा उजवा हात तर कधी गप्पच बसत नाही. वरच्या पट्ट्यांवर पाणी झुळझुळल्यासारखा चालू असतो, आणि तरी गायकाच्या पायात पाय घालत नाही. हे जमायला आयुष्य जातं.

आता ३१ डिसेंबर १९५२. मिसिसिपी नदीच्या पलीकडे, ईस्ट सेंट लुईसमध्ये कॉस्मोपॉलिटन क्लब. वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम आणि ऐनवेळी सॅक्सोफोनवाला बेनेट पक्षाघाताने आडवा झाला. त्या रात्री गावातला प्रत्येक बरा वादक कुठे ना कुठे अडकलेला. जॉनीने अशा एकाला बोलावलं जो नवखा असल्यामुळे मोकळा असण्याची शक्यता होती. सव्वीस वर्षांचा चक बेरी. म्हणजे ज्याच्यामुळे जगाचं संगीत बदललं म्हणतात, तो बदली कामगार म्हणून आला होता! आणि ज्याने त्याला बोलावलं तो पुढे त्याचा 'साथीदार' झाला.

बेरी एका रात्रीपुरता आला तो राहिलाच. त्याच्याकडे बोलणं होतं, अदा होती, गोऱ्या खेडवळांची कंट्री गाणी काळ्या क्लबात म्हणायची छाती होती. गाडी त्याची. कार्यक्रमही तोच ठरवायला लागला. जॉनीला यातलं काही नको होतं, त्याला वाजवायला मिळालं की पुरे. हळूहळू जॉनच्या ट्रिओचा चकचा ट्रिओ झाला. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. धंदा सांभाळणं हे काम आहे आणि ते ज्याला जमतं त्याने करावं. आमच्या क्षेत्रातही ज्याला क्लायंटशी बोलता येतं तोच पुढे जातो.

तक्रार इथून पुढे आहे.

१९५५ च्या मे महिन्यात मडी वॉटर्सच्या सल्ल्यावरून बेरी शिकागोत चेस रेकॉर्ड्सच्या दारात गेला. त्याला वाटत होतं की यांना ब्लूज हवं असणार, म्हणून 'वी वी अवर्स' पुढे केलं. लिओनार्ड चेसला आवडलं ते दुसरंच, 'आयडा रेड' या जुन्या कंट्री गाण्यावरून उचललेलं. त्याचं नाव बदलून झालं 'मेबेलीन'. २१ मे रोजी रेकॉर्डिंग. बेरी, पियानोवर जॉनी, ड्रम्सवर हार्डी, बासवर चेसचा विली डिक्सन. गाणं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं, पॉपच्या यादीत पाचवं. पुढे 'रोल ओव्हर बेथोव्हन', 'स्कूल डे'... रांगच लागली.

जॉनीचं म्हणणं असं, की बेरी शब्द घेऊन यायचा, दोघे बसायचे, आणि पियानोवर जॉनी वाजवता वाजवता चाल उभी राहायची. बेरीचं म्हणणं अर्थातच वेगळं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मग ठरवायचं कसं?

इथे पेटी वाजवणाऱ्या वाचकांना हाक मारतो. गिटारच्या सुट्या तारा जिथे मोकळ्या वाजतात त्या पट्ट्या म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा. नुसती गिटार घेऊन अंगणात बसलेला माणूस गाणं रचेल ते यातल्या एका पट्टीत. बेरीची गाणी कुठे आहेत? 'मेबेलीन' काळी पाच. 'जॉनी बी. गुड' काळी पाच. 'रोल ओव्हर बेथोव्हन' काळी दोन. गिटारवाल्याला ह्या पट्ट्या म्हणजे बोटांना शिक्षा. पियानोवर ब्लूज वाजवणाऱ्याला त्या घरच्या. हे मी शोधलेलं नाही. कीथ रिचर्ड्सने हे १९८७ च्या 'हेल! हेल! रॉक अँड रोल' या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्याने लहानपणापासून बेरीची एकेक जागा गिटारवर घोटलेली. ही गाणी बोटांना अशी आडवी का जातात, हे त्याला पियानोकडे बघितल्यावर उमगलं.

दुसरी गोष्ट. बेरीच्या ऱ्हिदम गिटारमधली ती 'डगडग डगडग' चाल, जी पुढे हजार बँडांनी उचलली, ती बूगी-वूगी पियानोचा डावा हात आहे. उचलून दोन तारांवर ठेवलाय, बाकी काही नाही.

वकील म्हणेल, थांबा. काळी पाच आणि काळी दोन ह्या सॅक्सोफोन-ट्रंपेटवाल्यांच्याही आवडत्या पट्ट्या, आणि बेरी लुई जॉर्डनच्या बँडचा चाहता होता. 'जॉनी बी. गुड'ची सुरुवातीची गिटार तर जॉर्डनच्या १९४६ च्या रेकॉर्डमध्ये कार्ल होगनने जवळजवळ तशीच वाजवलेली आहे. शिवाय 'जॉनी बी. गुड'च्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोवर जॉनी नाहीच, तिथे लाफायेट लीक आहे. सगळं मान्य. मी कुठे म्हणतोय की पन्नास गाणी सरसकट जॉनीची? पट्टीवरून मालकी सिद्ध होत नाही. पण जिथे एका बाजूला पियानोच्या पट्ट्या, पियानोचा डावा हात आणि पियानोवाल्याचाच बँड आहे, तिथे 'पियानो साथीला होता' हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं?

(जाता जाता एक गंमत. 'जॉनी बी. गुड'मधला जॉनी म्हणजे जॉनी जॉन्सनच, हे त्याच्या पिण्यावरून बेरीने दिलेलं नाव, असं सांगितलं जातं. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली तिच्यात हेच गाणं आहे. म्हणजे बिचाऱ्याचं नाव ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं, पण गाण्यातला जॉनी गिटार वाजवतो, आणि गाण्यामागच्या पियानोवर दुसराच माणूस आहे. याला नशीब म्हणतात.)

आता कागदाकडे येऊ. 'मेबेलीन'च्या तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून किती नावं होती, सांगा? बेरीचं एक. दुसरं अ‍ॅलन फ्रीडचं, जो रेडिओवर गाणी लावायचा. तिसरं रस फ्रॅटो नावाच्या शिकागोतल्या एका व्यावसायिकाचं, चेसवाल्यांच्या ओळखीतला. या दोघांनी गाण्यातला एक स्वर रचलेला नाही. फ्रीडने गाणं रेडिओवर वाजवावं म्हणून त्याला वाटा, आणि फ्रॅटोचं चेसवाल्यांशी जे काही देणंघेणं असेल त्यापोटी त्याला वाटा. बेरीला हे तबकडी बाजारात आल्यावर कळलं आणि तो चिडला. चिडणारच! आयुष्यभर तो पैशाच्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवेना, कार्यक्रमाआधी रोख मोजून घ्यायचा, याचं मूळ अशा अनुभवांत आहे.

पण जरा बघा. रेडिओवाला संगीतकार होऊ शकतो, ओळखीतला गृहस्थ संगीतकार होऊ शकतो, आणि स्टुडिओत पियानोवर बसलेला माणूस मात्र 'साथीला'. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि विषय संपला.

कायदाही या कामी सोयीचा होता. अमेरिकेत १९७८ चा नवा कायदा लागू होईपर्यंत गाण्याची नोंदणी करायची तर कागद द्यावा लागे. कागदावर शब्द, चाल, वर कॉर्डची नावं. रेकॉर्डिंग हा त्या नोंदणीचा पुरावा धरला जात नसे. ध्वनिमुद्रणाला तर केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं तेच मुळी फेब्रुवारी १९७२ पासून. म्हणजे ब्लूजवाल्याची सगळी विद्या, तो उजव्या हाताचा संवाद, डाव्या हाताचं वजन, कागदावर येतच नाही. कागदावर येत नाही म्हणून ती 'रचना' नाही. आणि हे काही फार जुनं झालेलं नाही. २०२० मध्ये 'स्टेअरवे टू हेवन'च्या खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने हेच धरलं, की त्या काळच्या गाण्याचा हक्क जमा केलेल्या कागदापुरता. लिहिता येणाऱ्यांनी लिहिता येणाऱ्यांसाठी केलेला नियम. तो मोजायला सोपा आहे म्हणून ठेवलाय. संगीत कसं जन्मतं याच्याशी त्याचा संबंध नाही. आमच्याकडे कोड कोणी चढवला याची हिस्टरी असते. तो कोणाच्या डोक्यातून आला याची नसते. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी काय काय केलं आणि तबकडीवर कोणाचं नाव आलं, तेही जाणकारांना मी सांगायला नको. असो.

जॉनी १९७३ पर्यंत अधूनमधून बेरीबरोबर वाजवत राहिला. मधल्या काळात अल्बर्ट किंगबरोबरही वाजवलं. बेरीने पुढे आत्मचरित्रात त्याच्या पिण्याविषयी लिहिलं. गाडीत प्यायची नाही असा नियम केला तर म्हणे जॉनी डोकं खिडकीबाहेर काढून प्यायचा. जॉनीने हे नाकारलं, आपण गाडीत कधी प्यायलोच नाही म्हणाला. तो प्यायचा हे खरं, पुढे त्याने ती सोडली हेही खरं. पण गंमत बघा, ज्याची विनोदी गोष्ट होते त्याचा हिशेब मागे पडतो. 'बेवडा पियानोवाला' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

१९८६ साली, बेरीच्या साठाव्या वाढदिवसाचा कार्यक्रम सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये ठरला तेव्हा हा माणूस काय करत होता? गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ने-आण करणारी बस चालवत होता. वय बासष्ट. कीथ रिचर्ड्सने त्याला पियानोवर बसवलं. तो सिनेमा बघा. जाडजूड, शांत माणूस, चेहऱ्यावर काही नाही, आणि बोटं मात्र जशी काही काल सुट्टी घेतली होती.

तिथून दिवस पालटले. स्वतःच्या नावाचे अल्बम आले. १९९१ च्या 'जॉनी बी. बॅड'वर रिचर्ड्स आणि एरिक क्लॅप्टन हे त्याच्या साथीला होते (आता आली ना गंमत?). क्लॅप्टनबरोबर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवलं. २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बेरीला १९८६ मध्येच, पहिल्याच तुकडीत घेतलं होतं. मग याला पंधरा वर्षं का लागली? कारण याच्यासाठी कप्पाच नव्हता. २००० साली 'साइडमन' असा कप्पा काढला आणि पुढच्या वर्षी याला त्यात बसवलं. साइडमन! बाजूचा माणूस. ज्याने बँड काढला, ज्याने दुसऱ्याला बोलावलं, तो बाजूचा.

नोव्हेंबर २००० मध्ये जॉनीने सेंट लुईसच्या फेडरल कोर्टात बेरीवर दावा लावला. पन्नासहून जास्त गाण्यांत आपण सहरचनाकार आहोत, आणि आपल्या अज्ञानाचा आणि दारूचा फायदा घेऊन बेरीने सगळी एकट्याच्या नावावर केली, असं म्हणणं. ऑक्टोबर २००२ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला. कारण? उशीर. तिथल्या कायद्यात, तुम्हाला कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, तीन वर्षांत यायला हवं. गाणी कोणी रचली, या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. हे नीट वाचा, कारण लोक सर्रास सांगतात की जॉनी केस हरला म्हणजे त्याचं म्हणणं खोटं ठरलं. कोर्टाने फक्त कॅलेंडर बघितलं.

आणि मग आपले शहाणे लोक: "पंचेचाळीस वर्षं काय झोपला होता का?"

या वाक्याची मला भयंकर चीड आहे. ज्याला गाणं म्हणजे फक्त शब्द, मालक शब्दांचाच, असंच वर्षानुवर्षं वाटत आलं, ज्याच्या आजूबाजूला सगळे हेच सांगणारे, त्याने कोणत्या वर्षी जागं व्हायचं होतं?

बरं, उशीर झाला की हक्क जातोच, हा काही निसर्गनियम आहे का? इंग्लंडात बघा. 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', १९६७, प्रोकोल हॅरम. सगळ्या जगाला त्या गाण्यातलं आठवतं ते ऑर्गन. तो वाजवणारा, त्या जागा रचणारा मॅथ्यू फिशर. नाव कागदावर नाही. त्याने दावा लावला २००५ मध्ये, अडतीस वर्षांनी! समोरच्यांनी हेच म्हटलं, इतकी वर्षं कुठे होतात. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: तो सहरचनाकार आहे, संगीतात चाळीस टक्के वाटा त्याचा, आणि उशीर झाला म्हणून तो हक्क बुडत नाही. मागचे पैसे नाहीत, दावा लावल्यापासून पुढचे घ्या. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. मागचं कोणाकडून ओरबाडायचं नाही, पण नाव बरोबर करायचं. एक कीबोर्डवाला एका देशात सहरचनाकार ठरला, तशाच दुसऱ्या कीबोर्डवाल्याला दुसऱ्या देशात तुमचं ऐकूनच घ्यायचं नाही म्हणाले.

आणि अजून एक. 'मेबेलीन'वरची ती फ्रीड आणि फ्रॅटोची नावं निघाली ती १९८६ मध्ये. एकतीस वर्षांनी. गाणं बेरीच्या एकट्याच्या नावावर आलं. तेव्हा उशीर कोणी मोजला नाही, आणि मोजू नयेच, ती नावं खोटीच होती. माझं म्हणणं एवढंच की एकतीस वर्षांनी खोटं नाव खोडता येत असेल, तर खरं नाव लिहिताही आलं असतं. त्याला कोर्ट लागत नव्हतं. बेरीने नुसतं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

जॉनी १३ एप्रिल २००५ ला गेला, सेंट लुईसमध्येच, ऐंशी वर्षांचा होऊन. बेरी १८ मार्च २०१७ ला, नव्वदीचा. जॉनीविषयी जे काही वाचायला मिळतं त्यात एक सूर हमखास असतो: किती साधा माणूस, कधी कुरकुर नाही, कधी मोठेपणा नाही. इथे माझ्या डोक्यात तिडीक जाते. साधेपणाचं हे कौतुक अगदी स्वस्त पडतं हो. त्यात रॉयल्टी द्यावी लागत नाही. ज्याचं देणं लागतो त्याच्या नम्रतेचे गोडवे गायले की देणं फिटल्यासारखं वाटतं.

मला हे कसं ठाऊक? कारण मी ते केलंय.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नोकरीत नवा, उत्साह उतू चाललेला. दोन सिस्टिम्समधले व्यवहार रात्री जुळवून बघायचे होते आणि रोज सकाळी काहीतरी हरवलेलं असायचं. आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ होते, सगळे त्यांना सर म्हणायचो. मीटिंगमध्ये कधी तोंड उघडायचे नाहीत. एकदा कँटीनमध्ये त्यांनी बिलाच्या पाठीवर मला सगळं काढून दाखवलं. प्रत्येक निरोपाला क्रमांक, पोच आली नाही तर परत पाठवायचा, किती वेळा, मध्ये किती थांबायचं, दोनदा पोचला तर काय. वीस मिनिटं. मी तीन महिने खपून कोड लिहिला आणि सुंदर डॉक्युमेंट केलं. वर एकच नाव, माझं. त्या वर्षी मला काचेचं बक्षीस मिळालं. (सध्या त्याच्यावर मुलाच्या टोप्या अडकवलेल्या असतात.) मी खोटं बोललो नाही. कोणी विचारलंच नाही! आणि सर निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात मीच उभा राहून भाषण केलं. काय म्हणालो असेन? किती साधा माणूस, कधी मोठेपणा नाही.

परवा त्या फोटोपुढे टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला हेच आठवलं. म्हणजे राग त्या वक्त्यावर कमी आणि कुठे जास्त, ते तुम्हीच समजा.

त्या पोराला मात्र मी ऑफिसातच 'वी वी अवर्स' ऐकवलं. 'मेबेलीन'च्या मागच्या बाजूला निघालेलं, चेसला फारसं न आवडलेलं ते ब्लूज. संथ आहे, त्यात पियानोला लपायला जागा नाही. तो अर्धं ऐकून म्हणाला, "हे गाणं तर पियानोच गातोय." मग त्याने मोबाइलवर रचनाकाराचं नाव बघितलं आणि काही बोलला नाही.

काल रात्री मी सरांना फोन केला. नऊ-दहा वर्षांनी असेल. नाशिकला असतात. आधी हवापाणी, गुडघे, नातवंडं झाली. मग मी एकदाचं सांगितलं, की सर, ते डिझाइन तुमचं होतं, मी नाव घातलं नाही, आता जुन्या टीमच्या सगळ्यांना मेल करून तसं कळवणार आहे. सर हसले. म्हणाले, "अरे, जाऊ दे रे, किती वर्षं झाली त्याला. आता कोणाला काय त्याचं."

मला काय बोलावं सुचेना. फोन तसाच कानाला. मग तेच म्हणाले, "पण एक सांग. परत पाठवायचं तीनदाच का ठेवलंस? मी तुला पाच सांगितले होते."